मशीन कपाटात ठेवण्यापूर्वी

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



मी इतकी वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो की मेंटेनन्स वाढणार अशी भीती अनेकांना वाटते. आज तसं काही नाही. आज मी झोपेवर बोलणार आहे. विषय असा का निवडला ते आधी सांगतो.

दोन महिन्यांपूर्वी लिफ्टमध्ये एक स्नेही भेटले. नाव सांगत नाही, ते इथेच बसले आहेत. मला म्हणाले, "तुम्ही ते नाकाला लावायचं मशीन वापरता ना? मलाही डॉक्टरांनी दिलंय. पण ते लावायला लागल्यापासून मला जास्तच वाईट वाटायला लागलं. ठेवून दिलं कपाटात." एवढं बोलेपर्यंत त्यांचा मजला आला आणि ते उतरले. नंतर मी जरा चौकशी केली. आपल्या तीन विंगांमध्ये माझ्या माहितीत अशी पाच मशिनं आहेत आणि त्यातली तीन कपाटात आहेत. तिघांचंही कारण एकच, "लावून जास्त त्रास होतो." हे कारण खोटं नाही. माझंही मशीन चार महिने कपाटात होतं आणि माझंही कारण हेच होतं. म्हणून ही हकिकत.

माझ्या घोरण्याबद्दल या सभागृहात नव्याने सांगायला नको. लिफ्ट बदलण्याचा ठराव ज्या वार्षिक सभेत आला, त्या सभेत मी खजिनदार म्हणून व्यासपीठावर बसून घोरत होतो. ठराव एकमताने मंजूर झाला असं इतिवृत्तात लिहिलं आहे, पण त्या एकमतात माझं मत नव्हतं! लोक हसले, मीही हसलो. घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे चांगली तब्येत, असंच आपण समजत आलो. आमचे वडील घोरायचे तेव्हा आई म्हणायची, दमलेत, झोपू दे.

पण बरोबरीने बाकीच्या गोष्टीही चालू होत्या. रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं. ते प्रोस्टेटचं असेल म्हणून मी त्या डॉक्टरांकडे दोन खेपा घातल्या. ब्लडप्रेशरची गोळी एकाची दोन झाली. सकाळी डोकं जड. दुपारी पेपर वाचताना अग्रलेखाचा दुसरा परिच्छेद मी कित्येक महिने पाहिला नव्हता. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून सोडून दिलं.

दिवाळीला मुलगी आली होती. ती हॉलमध्ये झोपली होती. सकाळी तिने मोबाईलवर मला माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं. घोरणं मला माहीत होतं. मधली शांतता मला माहीत नव्हती. घोरणं चालू आहे, एकदम बंद होतं, काहीच नाही... काहीच नाही... आणि मग पाण्यात बुडणारा माणूस वर यावा तसा आवाज. मुलीने विचारलं, "बाबा, हे किती वर्षं चाललंय?" मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. ती काही बोलली नाही.

मग स्लीप स्टडी झाली. रात्री अंगाला तारा लावून झोपायचं, सकाळी रिपोर्ट. त्यात एक आकडा असतो, ए.एच.आय. नावाचा. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला, किंवा बराच उथळ झाला, की ती एक नोंद. अशा नोंदी तासाला सरासरी किती, तो हा आकडा. पाचच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. माझा आला बेचाळीस. सर्वांत लांब थांबलेला श्वास चोपन्न सेकंदांचा. रक्तातला ऑक्सिजन चौऱ्याहत्तरपर्यंत उतरलेला. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला ते यंत्र लावून पाहिलं आहे, तेव्हा चौऱ्याहत्तर म्हणजे काय ते मी सांगायला नको.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, श्वासाची वाट मिटते. प्राणवायू कमी झाला की मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, तुम्ही पुन्हा झोपता आणि पुन्हा तेच. तुम्हाला वाटतं आठ तास झोपलो. प्रत्यक्षात रात्रभर कोणीतरी दार वाजवून उठवत होतं. याला म्हणायचं स्लीप अ‍ॅप्निया.

आणि उपाय म्हणजे सीपॅप. यात औषध नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, आहे ती साधी हवा. मशीन खोलीतलीच हवा घेऊन थोड्या दाबाने मास्कमधून आत सोडतं आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ग्लासात दहा सेंटिमीटर खोल स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागतं, तेवढा दहाचा दाब. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हा उपाय शोधून १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. म्हणजे मी बँकेत नवा होतो तेव्हाची ही गोष्ट, फार जुनी नाही.

मशीन आणि मास्क मिळून पन्नास हजारांच्या आसपास गेले. दुकानातला मुलगा फार गोड होता. म्हणाला, "काका, उद्या सकाळी तुम्ही पंचवीस वर्षांचे होऊन उठणार." बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने असल्या वाक्यावर विश्वास ठेवायला नको होता. पण ठेवला.

मी एकोणीस रात्री ते लावलं. पहिल्या रात्री मास्क तोंडावर बसला आणि दार बंद झालेल्या लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटलं. सुरुवातीला हवा पुरेना. तासाभराने डोळा लागला, तर दोनला जाग आली, कारण हवेचा फवारा थेट डोळ्यात. पट्टे आवळले. पुन्हा फवारा. आणखी आवळले. सकाळी नाकाच्या हाडावर लाल खूण, घसा कोरडा ठणठणीत, आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. आठवड्याभरात नाक गळायला लागलं. पूर्वी दुपारी झोप यायची, आता सकाळी दहालाच यायला लागली. चिडचिड इतकी की भाजी आणायला गेलो तर भाजीवाल्याशी भांडून आलो. नातू तेवढा खूश होता. त्या सोंडेसारख्या नळीमुळे "आजोबा गणपती झाले" म्हणून टाळ्या वाजवायचा.

दुकानात फोन केला. त्या मुलाने मोबाईलवर माझा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "काका, एकदम मस्त आहे! ए.एच.आय. तीनच्या खाली. मशीन छान काम करतंय. होईल सवय." आता सांगा, आकडा सांगतो तुम्ही बरे आहात आणि शरीर सांगतं आपण मरतोय. अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो. आपणच नाजूक, आपल्यालाच जमत नाही. विसाव्या दिवशी मी ते सगळं पिशवीत भरून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. बँकेच्या भाषेत पन्नास हजारांचं एन.पी.ए. झालं.

आता पुढचं सांगताना मला अजूनही थोडं जड जातं.

मे महिन्यात वाईला एक मुंज होती. आम्ही दोघंच गाडीने निघालो. सकाळची वेळ, रस्ता ओळखीचा, रात्री मी आठ तास झोपलो होतो. अर्थात मशीनशिवाय. शिरवळ मागे पडलं, अजून खंबाटकी घाट यायचा होता, रस्ता सरळ होता. पुढचं मला आठवत नाही. मला आठवतो तो ट्रकचा हॉर्न आणि हिने माझ्या दंडात रुतवलेली बोटं. गाडी डावीकडे कच्च्यात उतरली होती आणि पुढे मैलाचा दगड होता. गाडी थांबली. ट्रकवाला खिडकीतून काहीतरी बोलून गेला आणि तो बोलला ते बरोबरच होतं.

ही रडली नाही, ओरडली नाही. पाणी प्यायली, मला दिलं. आम्ही वाईला पोचलो, मुंज झाली, पंगत झाली. परतीला माझ्या भाच्याने गाडी चालवली. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही मला पंधरा वर्षं दुपारी झोपते म्हणून चिडवता. मी रात्री का झोपत नाही, हे तुम्ही कधी विचारलंत?"

मी खरंच विचारलं नव्हतं. ती रात्री माझा श्वास थांबला की मोजायची. वीस झाले, तीस झाले, की मला ढोसायची. मी कुशीवर वळायचो आणि ती पुन्हा मोजायची. इतकी वर्षं मी तिच्या दुपारच्या झोपेवर पाहुण्यांसमोर विनोद करत होतो. रिपोर्टमधले ते चोपन्न सेकंद मशीनने एका रात्री मोजले. तिने ते किती वेळा मोजले असतील, त्याचा कुठे रिपोर्ट नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी खाली काढली. पण या वेळी दुकानात गेलो नाही. ज्यांनी स्लीप स्टडी केली त्या डॉक्टरांकडेच मशीन घेऊन गेलो. त्यांनी मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि विचारलं, "तीनचा आकडा खरा आहे हो, पण किती तासांचा?" आलेख पाहिला, तर मी सरासरी अडीच तास मशीन लावत होतो आणि मग झोपेतच काढून टाकत होतो. त्या अडीच तासांतसुद्धा हवेची गळती इतकी की आकड्यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॅश टॅली होते आहे, पण निम्मी कॅश काउंटरवर आलेलीच नाही! "वाईट वाटतंय" असं मी सांगत होतो, तर त्याला काही कारणं असणारच होती. आणि एक नव्हे, पाच-सहा कारणं एकात एक गुंतली होती.

डॉक्टर म्हणाल्या, एक वही करा. बँकवाल्याला वही करा म्हणणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. मी रकाने आखले. किती वाजता लावलं, किती वाजता काढलं, गळती, ए.एच.आय., रात्री किती वेळा उठलो, पोट, नाक, सकाळी कसं वाटलं त्याला दहापैकी गुण, आणि शेवटचा रकाना त्या दिवशी काय बदललं याचा. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

त्या वहीतून जे सापडलं त्यातली एक गोष्ट आपल्या वयाच्या लोकांसाठी फार महत्त्वाची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. कवळी. होय, हसू नका. दुकानात मास्कचं माप घेतलं ते दुपारी बारा वाजता, खुर्चीत ताठ बसवून, तोंडात कवळी असताना. रात्री मी कवळी काढून वाटीत ठेवतो. कवळी काढली की गाल आत जातात, ओठांचा आधार जातो, चेहरा वेगळाच होतो. त्यात आडवं झालं की आणखी बदलतो. म्हणजे तो मास्क दुसऱ्याच माणसाच्या मापाचा होता! आणि गळायला लागल्यावर मी काय केलं, तर पट्टे आवळले. मास्कची ती मऊ गादी हवेने फुगून चेहऱ्यावर बसायची असते. आवळली की तिला सुरकुत्या पडतात आणि गळती उलट वाढते. तंत्रज्ञ बाईंनी मला कॉटवर झोपवून, कवळी काढायला लावून, मशीन चालू करून माप घेतलं. आधी लाज वाटली, मग म्हटलं पन्नास हजार गेलेत, लाज कसली. शेवटी फक्त नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क जमला. मिशी थोडी कातरावी लागली. तिला चाळीस वर्षं झाली होती, पण सगळं थोडंच टिकतं. तोंड उघडं पडून हवा जायची त्यासाठी काही दिवस हनुवटीला पट्टा बांधला. आरशात पाहिलं तर दाढदुखीवाला पेशंट दिसायचो.

दाबाचं असं झालं होतं की मशीन दुकानातून आलं तसंच, चार ते वीस या पूर्ण मोकळ्या पट्ट्यावर सोडलेलं होतं. मशीन आपोआप दाब कमीजास्त करतं. पण सुरुवातीचा चारचा दाब माझ्या अंगाच्या माणसाला पुरत नव्हता, म्हणून ती घुसमट. नंतर गळतीमागे धावत तो पार वर चढायचा आणि मला उठवायचा. डॉक्टरांनी आलेख पाहून तो आठ ते तेरा केला आणि श्वास सोडताना दाब किंचित कमी होण्याची सोय चालू केली. हे बटण माझ्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होतं, कोणी सांगितलं नाही. दाब आपल्या मनाने बदलू नका एवढं मात्र सांगतो, ते काम ज्याचं त्याने करावं. पोट फुगायचं ते हवा गिळली जात होती म्हणून. दाब आवरल्यावर आणि रात्रीचं जेवण साडेसातला आणल्यावर ते बरंचसं गेलं.

आणि आता माझा स्वतःचा मूर्खपणा. कोरड्या गार हवेने नाक गळायला लागलं, म्हणून मी केमिस्टकडून सर्दीची गोळी आणली आणि रोज रात्री घ्यायला लागलो. आपण सगळे घेतो तशीच साधी गोळी. तिने पुष्कळांना गुंगी येते. सकाळी दहाला जी झोप यायची त्यात या गोळीचा मोठा वाटा होता आणि शिव्या खात होतं मशीन! वहीत गोळीची नोंद केली तेव्हाच हे लक्षात आलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी बंद करून मशीनचं पाणी गरम करणारं भांडं चालू करायला सांगितलं. कोमट दमट हवा यायला लागली आणि नाक आठवड्यात शांत झालं. पाणी डिस्टिल्डच घालतो, साध्या पाण्याने भांड्यात क्षार धरतात. पुण्याच्या थंडीत मग वेगळाच त्रास. नळी गार पडली की आत पाणी साचायचं आणि पहाटे तोंडावर शिंतोडा. हिने माझ्या जुन्या शालीचं अस्तर लावून नळीला खोळ शिवली. दुकानात तसली खोळ मिळते म्हणे, पण माझीला काठ आहेत.

मास्कच्या भीतीवर डॉक्टरांनी सांगितलेला उपाय मला पोरकट वाटला होता. दिवसा जागेपणी मास्क लावायचा. आधी नुसता, मशीनशिवाय, दहा मिनिटं. मग मशीन लावून, बातम्या बघत अर्धा तास. मन रमलेलं असताना लावलं की शरीराला कळतं, हे गळा दाबायला आलेलं नाही. दूधवाला एकदा तसाच दार उघडायला आलेला मला बघून दोन पायऱ्या मागे गेला. बारा-तेरा दिवसांत ती लिफ्टमध्ये अडकल्याची भावना गेली.

हे सगळं होऊनही पंचविशी काही आली नाही. तिसऱ्या आठवड्यात स्वप्नं इतकी पडायला लागली की रोज रात्री कुठल्यातरी शाखेत माझं इन्स्पेक्शन चालू असायचं. डॉक्टर म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, स्वप्नांची झोप इतकी वर्षं तुटत होती, ती आता भरून निघते आहे. गुणांच्या रकान्यात मात्र चार, चार, पाच, तीन, पाच. मी निराश व्हायचो. वर्षानुवर्षांची थकबाकी दोन हप्त्यांत फिटत नाही, हे मी कर्जदारांना आयुष्यभर सांगत आलो आणि स्वतःला सांगायला विसरलो. पण दुसरे रकाने हळूहळू बदलत होते. रात्री उठणं चारावरून दोनावर, मग एकावर. म्हणजे त्यातला मोठा भाग प्रोस्टेटचा नव्हताच. सातव्या आठवड्यात एका दुपारी मी अग्रलेख शेवटपर्यंत वाचला. तो काही फार चांगला नव्हता, पण वाचला. झोपाळूपणा मोजायची आठ प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका असते, एपवर्थ नावाची, चोवीस गुणांची. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर. ती मी सुरुवातीला भरली तेव्हा सतरा होते. तीन महिन्यांनी सात आले. गाडी मी त्यानंतर, डॉक्टरांना विचारून, मग चालवायला घेतली. तोपर्यंत किल्ली हिच्या कपाटात होती.

मी डॉक्टर नाही. माझी कारणं ती तुमची असतील असं नाही. काही जणांना मशीन लावल्यावर वेगळ्या प्रकारचे श्वास थांबणे दिसते, घसा उघडा असतो पण मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम येत नाही. पुष्कळांचं ते काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप जातं. पण काहींचं जात नाही, आणि हृदयाचा आजार असेल तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. ते कार्डातल्या आलेखात दिसतं, दुकानातून फोनवर सांगितलेल्या एका आकड्यात दिसेलच असं नाही. काहींचा थकवा थायरॉइडचा किंवा रक्त कमी असल्याचाही निघतो. काहींना मशीन खरोखर झेपत नाही, त्यांच्यासाठी दातांवर बसवायचं साधन आहे, वजन आहे, कुशीवर झोपणं आहे. झोप येत नाही म्हणून मनाने झोपेची गोळी घेणं किंवा रात्रीचा पेग, या दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. पेगवाल्यांनी माझ्याकडे असं पाहू नये. आणि मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अ‍ॅप्निया आहे हे आधी सांगा.

माझी विनंती त्या तीन मशिनांच्या मालकांना आहे. माझी वही घरी आहे. कोऱ्या रकान्यांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्यात, संध्याकाळी पाचनंतर कधीही या. डॉक्टरांकडे जायला सोबत हवी असेल तर मी येतो, हल्ली मी जागा असतो.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही समितीच्या सूचनेवरून इथे देतो.

पहिला प्रश्न होता लाइट गेल्यावर काय. मास्कला हवा बाहेर जायची छिद्रं असतात, त्यामुळे गुदमरत नाही. नळीतून हवा येणं थांबलं की बहुतेकांना जाग येते, मास्क काढून ठेवायचा. आमच्याकडे घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. पाणी गरम करणारं भांडं बंद ठेवलं की बॅटरी जास्त पुरते.

दुसरा प्रश्न बी विंगमधल्या वहिनींनी विचारला, आणि तो मला नव्हताच. त्यांनी आमच्या हिला विचारलं, "रात्रभर त्या मशीनच्या आवाजाचा तुम्हाला त्रास नाही का होत?"

हिला माइकवर बोलायची सवय नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सुरुवातीचे दिवस झोपच येईना. आवाजाने नाही, घोरणं बंद झालं म्हणून. इतकं शांत, की मी हात लावून बघायचे. आता त्या मशीनचा बारीक आवाज ऐकतच झोपते. परवा रात्री लाइट गेली ना, तर यांच्याआधी मी उठून बसले होते."